खोडलेल्या चार ओळी

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही — घरी नाही, गटातल्या बायांजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगते.

एकोडीत आमचा बायांचा बियाण्याचा गट आहे. हिरानकी, लुचई, चिन्नोर — घराघरातलं जुनं धान पोत्यांत राखायचं, पेरणीला ज्याचं त्याला द्यायचं. पोत्यात धानाच्या अन् घराच्या नावाची चिठ्ठी असे, अन् चिठ्ठ्या उंदीर खात. साठीनंतर मी व्हिडिओ पाहून पाहून संगणक शिकले होते. म्हटलं, मीच प्रोग्राम लिहिते. पोत्यावर फक्त नंबर, नावं संगणकात.

अडलं एकाच जागी. पडद्यावरच्या खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबली की प्रोग्रामनं आधी विचारावं — ‘सेव्ह करू काय?’ तशा चार ओळी मी लिहिल्या. तर खिडकी बंदच होईना. विचारायची, अन् तशीच उभी. फुलीचं काम एकदा आपल्या हाती घेतलं की ‘आता मिट’ हेही आपणच लिहावं लागतं — तेव्हा कुठे ठाऊक होतं? दुसऱ्या दिवशी बाया येणार. मी चारही ओळी खोडल्या. मग फुली दाबली की खिडकी मुकाट्यानं मिटे — सेव्ह न केलेल्या सगळ्यासकट.

हे मला माहीत होतं. संगणकावर बसणाऱ्या सुमित्राला सांगितलं नाही. का? ‘मावशीचं काम अर्धवट’ म्हटलं असतं कोणी — एवढंच.

सुमित्रा आमच्यात दहावी झालेली एकटी, म्हणून संगणकावर ती. दिवसभर चिठ्ठी वाचून नाव भरलं, की चिठ्ठी चुलीत — ही सूचनाही माझीच. संध्याकाळी तिनं सेव्ह न करताच फुली दाबली.

अध्यक्षबाई म्हणाल्या, ‘‘मॅट्रिक झाली न तू? एक बटन दाबता नाही आलं तुले?’’ बाया हसल्या. मी चहा गाळत होते. गाळत राहिले.

त्या साली कोणाच्या धानाच्या बांधीत काय पेरलं, ते लोंब्या आल्यावर कळलं. सुमित्राच्या सासूनं जन्मभर राखलेली हिरानकी तर सापडलीच नाही.

त्या संध्याकाळनंतर आठवड्यानंच मला ती राहिलेली ओळ सापडली होती. एकच ओळ. घातली. आता खिडकी विचारते, ठेवते, मिटते. बाया म्हणतात, सुमित्रासारख्यांच्या चुका झाकायला मावशीनं किती डोकं लावलं. मी कधी ‘नाही’ म्हटलं का? आता खरं सांगायचं तर ह्या शाबासकीचंही सांगावं लागतं — अन् दरसाल सांगायचं वाढतच जाते. बाहेर कुठून पडू?

सुमित्रा आता पोत्यांची तोंडं शिवते, संगणकाकडे पाठ करून. परवा सुई ओवता ओवता म्हणाली, ‘‘तुम्ही त सांगितलं असन मावशी, माह्याच ध्यानात नाही राहिलं.’’

मी सांगितलं नव्हतं. तिला दोरा तोडून दिला, अन् म्हटलं, ‘‘होते असं.’’