लोणच्याचं औषध

ऋता, तेजस,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, अड्याळचे मामाआजोबा मला 'डॉक्टरीणबाई' म्हणून का हसतात. त्यांनी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच लिहून ठेवते.

माझा धाकटा भाऊ बापू, म्हणजे तुमचे हे मामाआजोबा, बिहारात रस्त्याच्या कामावर होता. तिथे वाळूमाशी चावून त्याला काळा आजार झाला. उपचारानं बरा झाला, गावी आला, आणि ताप पुन्हा उलटला. म्हणून मी अड्याळला निघाले. भंडारा रोड स्टेशन भंडाऱ्यात नसून वरठीत आहे, हे गाडीत शेजारी बसलेल्या बाईंना समजावण्यात मी इतकी रमले, की बापूसाठी आणलेली खाऊची पिशवी गाडीतच पुढे गेली.

अड्याळच्या बसमधून दोन्हीकडे धानाच्या बांध्या (बांध घातलेली शेतं) दिसत होत्या, मधूनच एखादी बोडी (लहान तळं). घरी बापूच्या बायकोनं, सिंधूवहिनीनं, लाखोरीच्या डाळीचे गरम वडे वाढले. बापू खाटेवर होता. हातपाय काड्या, पोट मात्र फुगलेलं. पाणथरी (प्लीहा) वाढली होती. दुसऱ्या दिवशी भंडाऱ्याला भरती व्हायचं होतं. मी औषधाचं नाव विचारलं, मोबाइलवर वाचलं आणि जाहीर केलं, "चूक झाली आहे. हे तर बुरशीचं औषध!"

बापू उठून बसला. "बुरशी? मी का लोनचं आहो? नाही जात मी."

"किती मनवलं याहीले," वहिनी कपाळाला हात लावून म्हणाली. "औषध नाही घेतलं तर जीव जाते म्हणाले डॉक्टर. आता तुम्हीच न्या, बाई."

मी खूप समजावलं. तो भिंतीकडे तोंड करून पडला. शेवटी मी म्हटलं, "चल, त्या डॉक्टरचीच चूक दाखवू."

बापू लगेच चप्पल शोधू लागला. "मले पाहाचं आहे."

दवाखान्यात मी माझ्या उत्तम इंग्रजीत सुरुवात केली. डॉक्टर मराठीत म्हणाले, "आजी, औषध बुरशीचंच आहे. पण बुरशीच्या आवरणात जो पदार्थ असतो, तसाच या आजाराच्या जंतूच्या आवरणातही असतो. औषध तिथेच भोक पाडतं. मागच्या वेळी दुसरं औषध दिलं होतं, काही जंतू उरले. आता हे देऊ."

मी मोबाइल पर्समध्ये ठेवला. बापू माझ्याकडे बघत होता.

"हरली का, ताई?"

"हरले."

"काहून? अजून बोल ना विंग्रजी!" तो इतका हसला की खोकला आला. मग त्यानं बाही वर केली. "लावा जी सलाईन."

हे औषध सलाईनमधून नव्हे, ग्लुकोजमधून देतात, हे माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं. औषध चढताना त्याला हुडहुडी भरली, तेव्हा तो माझा हात धरून कुडकुडत म्हणाला, "लोनचं हलून राहिलं, ताई."

परतीच्या गाडीत मी कोणालाही काही समजावलं नाही. आता ताप नाही, पाणथरी ओसरली आहे, तपासणीला मात्र तो अजून जातो. माझी अक्कल किती उरली ते ठाऊक नाही. बापू मात्र उरला आहे.