मोडीत गेलेलं ट्रम्पेट

बारामतीत माझं भांड्यांचं दुकान आहे. सणसरचे एक म्हातारे दर बाजारी यायचे आणि मोडीतल्या जुन्या पितळेचा ढीग उपसायचे. डीजे आल्यावर त्यांचा बॅण्ड बसला, आणि वडलांपासूनचं ट्रम्पेट सुनेनं नव्या घागरीसाठी मोडीत दिलं, कुठल्या दुकानात तेही तिला आठवेना. शोधताना त्यांची तीन बोटं ट्रम्पेटच्या तीन कळांवर असल्यासारखी काठीवर आपोआप दाबली जायची.

मी म्हणालो, "आबा, पुण्यात दुसरं मिळंल की."

"पोरानं आणलं हुतं. वाजतंय झ्याक. पर माझा दम त्या जुन्यातच ऱ्हायला."

शेवटी मी खरं ते सांगितलं, की मोड भट्टीत जाते आणि तिची नवी भांडी होतात.

ते उठले. फळीवरची कोरी घागर तोंडाशी धरून त्यांनी हळूच फुंकली, कान दिला. मग शेजारची उचलली.