थेंबमास्तरांचं बटण

माझ्या थोरल्या भावाशी भांडायचं तर आकड्यांत भांडावं लागे. "चहा आज कमी आहे" असं तो कधी म्हणाला नाही. "आज कप बोटभर खाली आहे, काल पाऊण बोट होता," असं म्हणे, आणि कोपऱ्यावरचा चहावाला मुकाट्याने वरून ओतत असे. धंद्यात त्याला सगळे थेंबमास्तर म्हणत. समोर असला की मास्तर, पाठ फिरली की थेंब. मी त्याला दादाच म्हणायचो, पण चिडलो की मलाही थेंबच आठवायचा. आणि मी बऱ्याचदा चिडलेलाच असतो.

आमची शेड एक, मध्ये पत्र्याचा अर्धवट पडदा. पुढच्या भागात मी रेडिएटर झाळतो. मागच्या भागात दादाचं बाक होतं, इंजेक्टर तपासायचं. इंजेक्टर म्हणजे अंगठ्याएवढी एक नळी. गाडीच्या कॉम्प्युटरने इशारा दिला की ती डोळ्याचं पातं लवतं त्याहून कमी वेळ उघडते आणि इंजिनात इंधनाचा फवारा सोडते. चार सिलिंडरला चार नळ्या, आणि चौघींनी सारखंच सोडलं पाहिजे. दादाच्या बाकावर वर इंजेक्टर बसवायचे, खाली काचेच्या चार मापनळ्या, आणि उजव्या हाताला एक काळं बटण. ते अंगठ्याने दाबून धरलं की चारही इंजेक्टर टिकटिकायला लागत आणि काचेतली पातळी चढायला लागे. आपोआप चालणारी यंत्रं बाजारात आली तरी त्याने ते बटण बदललं नाही. "अंगठ्याला कळतं," म्हणायचा. काय कळतं ते विचारायची सोय नव्हती.

पंपावर इथेनॉल मिळायला लागलं तसं त्याचं काम वाढलं. आम्ही त्याला स्पिरिटच म्हणतो. पेट्रोलच्या जागी स्पिरिट घातलं की इंजिनाला जवळजवळ दीडपट इंधन लागतं, कंपनीचे इंजेक्टर अपुरे पडतात, आणि मग लोक बाहेरून मोठे आणून बसवतात. इतर तपासणारे ते साध्या तपासणीच्या तेलावर मोजून देत. दादा खुद्द स्पिरिटवर मोजायचा. तेलाचा पातळपणा वेगळा, स्पिरिटचा वेगळा, मग आकडा खोटाच की, असं त्याचं म्हणणं. बरोबरच होतं, पण त्याचा त्रास मला होता. मागे स्पिरिट उघडलं की पुढे माझा झाळायचा बर्नर बंद. हातात अर्धा झाळलेला रेडिएटर घेऊन मी बसून राहायचो आणि मनातल्या मनात त्याचा उद्धार करायचो.

त्याचा दुसरा नियम त्याहून कडक. मोजून झालं की इंजेक्टरमध्ये स्पिरिट ठेवायचं नाही. स्पिरिट हवेतलं पाणी ओढून घेतं, आतली सुई गंजते आणि जाम होते. म्हणून लगेच गाडीत बसवायचे नसतील तर आधी तेल चालवायचं, दोन्ही टोकांना टोप्या घालायच्या आणि मगच डब्यात. एकदा एक जुना मेकॅनिक तसेच कागदात गुंडाळलेले इंजेक्टर घेऊन आला, तर दादाने त्याला चहासुद्धा विचारला नाही. आणि चहा हा त्याचा जीव की प्राण.

त्याची एकुलती एक मुलगी, बारकी. नाव बारकी आणि उंची बापापेक्षा वीतभर जास्त. ती टॅक्सी चालवते, स्वतःची. हे बाक ती लहानपणापासून ओळखते. काचेतली पातळी वाचताना डोळा कुठे धरायचा हे तिला अक्षरं यायच्या आधी यायचं. खाण तशी माती, हट्टही बापाचाच. वहिनी होत्या तोवर दोघांच्या मध्ये त्या उशीसारख्या होत्या. त्या गेल्या आणि दोन दगड एकमेकांवर घासायला लागले.

बारकीने गाडी स्पिरिटवर घ्यायचं ठरवलं आणि बापाला न विचारता कुठल्याशा ट्यूनिंगवाल्याच्या सांगण्यावरून सहाशेचे इंजेक्टर बसवले. सहाशे म्हणजे मिनिटाला सहाशे मिली सोडणारे. तिच्या गाडीचे मूळचे होते एकशे नव्वदचे. त्याच्या दीडपट धरा, वर थोडी मोकळीक, म्हणजे पूर्ण पाय दिला तरी इंजेक्टरला मिटायला उसंत मिळाली पाहिजे. झाले तीनशे चाळीस. सहाशेचे घातले की गाडी नुसती उभी असताना त्यांना इतकं थोडं सोडायचं असतं की ते धड उघडतही नाहीत. एक सिलिंडर नको तेवढं पितं, दुसरं उपाशी. बारकीची गाडी सिग्नलला थरथरायची, सकाळी सुरूच व्हायची नाही. शेवटी ती शेडवर आली.

दादाने बॉनेट उघडलं, इंजेक्टरवरचा आकडा वाचला आणि दोन गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "अंथरूण पाहून पाय पसरावेत एवढंही कळत नाही? पंधरा वर्षं शिकवलं ते मी काय भिंतीला शिकवलं?"

"गाडी माझी आहे," बारकी म्हणाली.

"आणि इंजिन कोणाचं जळणार आहे? मोजल्याशिवाय काही करायचं नाही, हे किती वेळा सांगितलं?"

बारकीने बॉनेट खाली घेतलं. आपटलं नाही, हळू दाबून बंद केलं. मग म्हणाली, "मोजा तुम्ही, बाबा. आई जात होती तेव्हाही तुम्ही सलाईनचे थेंबच मोजत होता. घड्याळ लावून. तिचा हात धरून मी बसले होते."

हे खरं होतं. शेवटचे चार दिवस दादा वहिनींच्या खाटेशी उभा राहून सलाईनचे थेंब मोजायचा आणि नर्सला जाऊन सांगायचा की मिनिटाला सहा जास्त पडतायत. नर्स बघायची तर तेवढेच जास्त असायचे. त्याला दुसरं काही येत नव्हतं हो. कोणी रडतं, कोणी देवाला हात जोडतं, आमचा दादा मोजायचा. पण हे मी तेव्हा बोललो नाही. गिऱ्हाइकं जमिनीकडे बघत होती. बारकी थरथरत्या गाडीतून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दादाने तीनशे चाळीसचे चार नाही, बारा इंजेक्टर मागवले. नवे असले तरी प्रत्येकात उन्नीस-बीस असतंच. बारांतून त्याला चार असे हवे होते की चौघांत एका टक्क्याचाही फरक नको. आठ दिवस तो तेवढंच करत होता. बसव, मोज, काढ, जागा बदल, पुन्हा मोज. बॅटरी बारा व्होल्टवर असताना सुई उघडायला किती वेळ घेते, चौदावर किती, हे सगळं त्याने एका पुठ्ठ्यावर लिहिलं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये तेच भरता येईल. आठ दिवस माझा बर्नर निम्मा वेळ बंद. शेवटी तो पडद्यापाशी येऊन म्हणाला, "तिला फोन कर. तयार आहेत म्हणावं."

"तू कर की."

"तू कर."

मी केला. बारकी म्हणाली, "बघते काका. रविवारी जमलं तर येते."

रविवारी शेड बंद असते. त्या रविवारी दादाने उघडली. दाढी करून आला होता. चारही इंजेक्टर बाकावर बसवलेले, काचा पुसलेल्या, तिच्यासमोर एकदा चालवून दाखवायचे म्हणून आत ताजं स्पिरिट भरलेलं. मीही उगाच जाऊन बसलो. दुपार झाली, चहावाल्याच्या दोन फेऱ्या झाल्या. बारकी आली नाही.

सोमवारी मी म्हटलं, "तेल चालवून डब्यात ठेव आता. येईल तेव्हा येईल."

"कशाला? उद्या येईल ती."

मंगळवारी तो सकाळी आला, माझा बर्नर बंद करायला लावला, दोन मिनिटं बटण दाबून इंजेक्टर चालवले, सुई मोकळी राहावी म्हणून. पुठ्ठ्यावर तारीख टाकून पुढे एक बरोबरची खूण केली. बुधवारी तसंच. मग रोज तसंच. जगाला तेल आणि टोप्या शिकवणारा माणूस स्वतःच्या बाकावर स्पिरिट भरून इंजेक्टर ठेवत होता आणि रोज सकाळी त्यांना जागं करत होता.

महिनाभराने माझा संयम संपला. तसाही तो फार नव्हता. मी म्हटलं, "दादा, हा काय पोरखेळ आहे? तुझाच नियम ना? घाल तेल आणि मोकळा हो."

त्याने बटणावरचा अंगठा न काढता उत्तर दिलं. "तेल घातलं म्हणजे ती येणार नाही असं मीच ठरवल्यासारखं होईल."

बारकीला पुन्हा एक फोन केला असता तर? मला सुचलं नाही असं नाही. बाप-लेकीच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण सांगतो. मला वाटलं, आपण फोन केला आणि ती नाही म्हणाली, तर ते दादाला जाऊन सांगणार कोण? म्हणून मी गप्प बसलो, आणि रोज सकाळी बर्नर विझवून दोन मिनिटं धुसफुसत राहिलो.

चौथ्या महिन्यात एका दुपारी दादा बाकाशी बसल्या बसल्या कलंडला. पक्षाघात. उजवा हात तेवढा थोडा हलत होता, वाचा पूर्ण गेली. बारकीला फोन मी हॉस्पिटलच्या जिन्यातून केला. ती तासाभरात आली. बापाच्या उशाशी बसली ती तीन दिवस उठली नाही. काय बोलली ते मला माहीत नाही, मी बाहेरच्या बाकावर होतो. आत गेलो की एवढंच दिसायचं की तिने त्याचा डावा हात धरलाय, आणि उजव्या हाताचा अंगठा तो खाटेच्या लोखंडी कडेवर दाबतोय. दाबायचा, धरून ठेवायचा, सोडायचा. माझ्याकडे बघायचा आणि पुन्हा दाबायचा. मला वाटलं बेल हवी आहे. मी दर वेळी नर्सला बोलावलं. नर्स यायची, सलाईन बघायची, जायची. तिसऱ्या दिवशी पहाटे दादा गेला.

सगळं आटोपल्यावर मी शेड उघडली. मागच्या भागात गेलो नाही. एकमेकांच्या वस्तूला हात लावायचा नाही हा आमचा चाळीस वर्षांचा नियम होता, आणि मेलेल्या माणसाचा नियम मोडायचं माझ्या जिवावर आलं. सकाळी आल्या आल्या बर्नर पेटवला, तो कुणी विझवायला सांगितला नाही. पहिले काही दिवस, खोटं कशाला बोलू, त्याचं बरंच वाटलं.

दीड महिन्याने बारकी आली. गाडी बाहेर उभी केली, तशीच थरथरणारी. "काका, बाबांनी ठेवलेले इंजेक्टर न्यायला आले."

मी तिला पडद्यामागे नेलं. बाकावर धूळ होती, इंजेक्टर वर तसेच बसवलेले. तिने आधी पुठ्ठा उचलला. आकडे वाचले, मान हलवली. मग उलटा केला. मागे तारखांच्या ओळी होत्या, प्रत्येकीपुढे बरोबरची खूण. ती बोट फिरवत शेवटच्या तारखेपर्यंत गेली. ती तारीख तो कलंडला त्याच दिवसाची होती.

"हे काय?"

"रोज चालवायचा तो. दोन मिनिटं."

"डब्यात का नाही ठेवले? तेल नाही घातलं? मी असं केलं असतं तर मला उभं जाळलं असतं त्यांनी."

मी तिला सांगितलं. तेल घातलं म्हणजे ती येणार नाही असं मीच ठरवल्यासारखं होईल, असं म्हणाला होता. त्याच्याच शब्दांत सांगितलं, कारण माझ्याकडे दुसरे नव्हते.

पुढे जाऊन तिने स्वतःच माझा बर्नर विझवला, परत आली, स्टुलावर बसली, डोळा काचेच्या पातळीला आणला आणि बटण दाबलं. पहिला इंजेक्टर टिकटिकला. चौथा रखडत रखडत लागला. मधले दोन गप्प. दोन काचांत पातळी चढत होती आणि दोन काचा कोरड्या.

"जाम झाले," ती म्हणाली. "ते गेल्यावर कोणी चालवले नाहीत?"

"नाही."

"रोज दोन मिनिटं दाबायचं होतं फक्त, काका."

तिने रागाने म्हटलं नाही. राग असता तर बरं झालं असतं. ती बटण दाबायची, धरून ठेवायची, सोडायची, कोरड्या काचांकडे बघायची आणि पुन्हा दाबायची. मी तिच्या अंगठ्याकडे बघत होतो. बापासारखाच रुंद अंगठा. दाबायचा, धरायचा, सोडायचा. खाटेच्या कडेवर दादाने तीन दिवस हेच केलं होतं, माझ्या डोळ्यांत बघून, आणि मी तीन दिवस नर्सला बोलावत राहिलो.

हे मी बारकीला अजून सांगितलेलं नाही.