दिंडांची वाफ
पुरणाची दिंडं उकडायला ठेवली, की वेलचीच्या वासासोबत मला लंडनजवळच्या पिनरमधल्या ह्याच घरातली एक नागपंचमी आठवते. लेकीनं पाळलेला साप कात टाकायला आला होता, पण कोरड्या हवेनं ती अंगाला चिकटून बसलेली. लेक सकाळपासून त्याच्या काचेच्या पेटीत पाणी फवारत होती. त्या दिवशी आमच्याकडे चिरत नाहीत, तळत नाहीत, म्हणून मी दिंडं केली. स्वयंपाकघर वाफेनं भरलं, तशी मी खिडकी उघडायला गेले. "नको आई, प्लीज! ही स्टीमच पाहिजे त्याला," म्हणत तिनं पेटी उचलून ओट्याच्या टोकाशी आणून ठेवली. पाटावर चंदनानं काढलेला नाग, ओट्यावर खराखुरा. मला हसू आलं, पण हातही जोडले गेले. आम्ही दोघी घामाघूम होऊन बघत बसलो. आधी तोंडाशी कात सुटली, मग मोजा उलटा निघावा तशी अख्खी निघाली, आणि लेक माझ्या गळ्यातच पडली. आता ती नोकरीसाठी दूर राहते, सापही तिच्याकडेच असतो. यंदा दिंडं उकडताना काचा धुरकटल्या, तेव्हा हे म्हणाले, "अगं, खिडकी तरी उघड!" मी उघडली नाही.