सोनेरी काठाचा कप

आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याला, कशाचाही हेवा वाटू शकतो. ताईच्या दातांच्या डॉक्टरचा वाटतो, कारण त्याच्यासमोर ती अर्धा तास एक शब्द न बोलता बसते. "माझ्यासमोर कधी अशी बसलीय का?" असं ते मला विचारतात. टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्या माणसाचा वाटतो. गॅलरीतल्या गुलाबाचाही वाटतो, कारण सकाळी उठल्याबरोबर ताई आधी त्याची विचारपूस करते आणि मग यांची.

यात त्यांच्या धंद्याचाही थोडा दोष असावा. जन्मभर त्यांनी वजनकाटे दुरुस्त केले. वाण्यांचे, भाजीवाल्यांचे, सोनारांचे. पारडं केसभर झुकलं तरी त्यांना लांबून दिसायचं. पुढे दुकान विकून ते घरी बसले, पण नजर काही निवृत्त झाली नाही. ताई कोणाशी किती बोलली, कोणाकडे बघून हसली, कोणाच्या बशीत बिस्किटं किती ठेवली, सगळं तोललं जाऊ लागलं. आणि दर वेळी हलकं पारडं यांचंच.

मी समोरच्या इमारतीत राहते. मेहुणी असल्यामुळे त्यांची चेष्टा करायचा हक्क मला लग्नाच्या दिवसापासून आहे, आणि मी तो कधी वाया घालवलेला नाही.

तर त्यांच्या घरातल्या बाथरूमचं दार पाण्याने फुगलं होतं. ते लागतच नसे. आत जाणाऱ्याने भरलेली बादली दाराला टेकवायची आणि आंघोळ होईपर्यंत मधूनमधून खोकत राहायचं, असा घरचा नियम. पाहुण्यांना वाटे, या घरात सगळ्यांनाच दम्याचा त्रास आहे. नळाला चिंधी बांधलेली. भिंतीच्या टाइल्स एकेक करून राजीनामा देत होत्या.

ताई म्हणायची, "अहो, दाराचं काहीतरी करा."

"बघतो."

"सुतार बोलवू का?"

"सुतार कशाला? मी आहे ना घरात? बघतो म्हटलं ना!"

खरं कारण वेगळं होतं. परका माणूस हत्यारं घेऊन येणार, ताई त्याला चहा करून देणार, तो तिला बिजागरी कशी बसवली ते समजावणार आणि ती "अगंबाई, असं होय!" म्हणणार, हे सगळं चित्र भाऊजींच्या डोळ्यांपुढे आधीच उभं असे. म्हणून सुतार येत नसे आणि दार लागत नसे.

अशातच ताईने एका मोठ्या दुकानात बक्षीस योजनेची चिठ्ठी भरली. बक्षीस लागलं नाही, पण चिठ्ठीवरच्या पत्त्यामुळे एका दुपारी बाथरूम नवं करून देणाऱ्या कंपनीचा विक्रेता दारात उभा राहिला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात लॅपटॉप. बूट काढून त्याने असे जोडीने ठेवले की ताई तिथेच अर्धी खूश झाली. भाऊजींच्या चपलांची तोंडं कायम दोन दिशांना असतात.

भाऊजींनी त्याचं नाव ठेवलं साखऱ्या. आत शिरल्यावर तो ताईला "मॅडम" म्हणाला आणि भाऊजींना "काका".

दुसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात येऊन भाऊजींनी पहिली तक्रार केली ती हीच. "ती मॅडम आणि मी काका! अगं, दोनच वर्षांनी लहान आहे ती माझ्यापेक्षा!"

"मग तुम्हाला काय, सर म्हणायला हवं होतं?"

"काही नको. पण तिलाही काकू म्हण ना! माप सारखं पाहिजे."

पुढचं सगळं मग त्यांनी सांगितलं आणि ताईने नंतर दुजोरा दिला. साखऱ्या आला दुपारच्या चहाला आणि उठला दिवेलागणीनंतर. बाथरूम बघून आधी हळहळला. मग ताईच्या हातांकडे बघून म्हणाला, "मॅडम, एवढ्या कलेच्या हातांनी तुम्ही रोज या चिंधीशी झटापट करता?" लॅपटॉपवर काचेचं सरकतं दार दाखवलं, पावसासारखा पडणारा शॉवर दाखवला. किंमत सांगितली तेव्हा ताई मागे सरकली. तेव्हा त्याने साहेबांना फोन लावला, "सर, या मॅडम आपल्या घरच्यासारख्या आहेत" अशी विनवणी केली आणि किंमत उतरवून घेतली. फक्त आजच्यापुरती. उद्या हीच किंमत त्याच्या स्वतःच्या आईलाही मिळणार नव्हती.

"काकांना विचारायचंय का?" असंही त्याने विचारलं.

"त्यांना काय विचारायचं?" ताई म्हणाली. "ते म्हणतील, बघतो."

यावर दोघं हसली. भाऊजी पेपर तोंडासमोर धरून तिथेच बसले होते. ते म्हणतात, हसणं किती लांबलं ते त्यांच्या नीट लक्षात आहे.

आणि मग आला तो कप. ताईच्या लग्नातल्या सेटमधला एकच उरलेला, सोनेरी काठाचा. कपाटाच्या वरच्या फळीवर असतो तो. "मला टायफॉइड झाला होता," भाऊजी मला म्हणाले, "तेव्हासुद्धा मला तो कप मिळाला नाही. स्टीलच्या पेल्यात पाणी पाजलंन. आणि याला पहिल्या भेटीत सोनेरी काठ!"

त्या कपातला दुसरा चहा संपायच्या आत ताईने सही केली आणि आगाऊ रक्कमही दिली. बाकीची तिच्या ठेवीतून जाणार होती. म्हातारपणासाठी जपलेली ती एकच ठेव.

भाऊजींनी कराराचे कागद माझ्यापुढे टाकले. "तू शिकलेली आहेस. यातून त्याला हाकलायचं कलम काढ."

मी चष्मा लावून वाचलं. जुन्या टाइल्स फोडणं वेगळं. भिंतीतले पाइप वेगळे. राडारोडा उचलणं वेगळं. साहेबांनी उतरवलेली किंमत मागच्या दाराने परत चढत होती. शेवटी बारीक अक्षरात ते कलमही सापडलं: सही केल्यापासून आठवड्याच्या आत लेखी कळवल्यास करार रद्द, आगाऊ रक्कम परत. मात्र जिने सही केली तिनेच कळवायचं.

भाऊजींना शेवटची ओळ पटली नाही. त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "काका, मॅडमना फोन देता का?" त्यांनी फोन आपटला. "तीही काकाच म्हणाली! फोनमधूनही दिसतं का हिला माझं वय?"

मग मी ताईकडे गेले. ती गुलाबाची वाळकी पानं काढत होती. मी कलमं वाचून दाखवली. ती ऐकत राहिली.

"मला काय कळत नाही होय गं?" ती म्हणाली. "तो गेल्यावर लगेच कळलं. ठेव मोडायची म्हणजे... मला जेवण गेलं नाही त्या दिवशी."

"मग कर ना रद्द."

"आणि मग? परत बादली? परत खोकायचं?" तिने कात्री खाली ठेवली. "तुझे भाऊजी रद्द कर, रद्द कर म्हणून मागे लागलेत. दारासाठी नाही, त्या पोरासाठी. पोरगा गेला की यांचा जीव थंडावेल, आणि दार? दार म्हणे बघतो. मला साखऱ्या नकोय. मला कडी लागणारं दार हवंय. ते जो देईल त्याच्याशी माझा करार."

हे मी शब्दाला शब्द भाऊजींना येऊन सांगितलं. त्यांनी कागदांची नीट घडी घातली. मग उठून म्हणाले, "तुझ्याकडे इस्त्री आहे ना चालू?"

मुदतीचा शेवटचा दिवस होता. मी ताईकडे भाजी निवडत बसले होते. बेल वाजली. ताईने दार उघडलं. बाहेर भाऊजी. मी इस्त्री करून दिलेला शर्ट, केसांना तेल, हातात हत्यारांची पिशवी. त्यांनी चपला काढल्या, वाकून त्या जोडीने ठेवल्या, एक जरा वाकडी वाटली म्हणून पुन्हा सरळ केली.

"नमस्कार मॅडम."

ताई माझी बहीण आहे. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "कोण पाहिजे?"

"आपल्या बाथरूमसंबंधी आलो होतो. दोन मिनिटं वेळ मिळेल?"

"या. पण घरात माणसं तापट आहेत."

ते कोचाच्या कडेवर बसले, पाहुणे बसतात तसे. पिशवीतून नवी तोटी काढली, कागदात गुंडाळलेल्या बिजागऱ्या काढल्या, कडी काढली आणि टीपॉयवर ओळीने मांडली. सोनाराचा काटा मांडत असत तसं, हात न लावता बघावं असं. "मॅडम, दार नवं. कडी आतून. नळाला चिंधी नाही. आणि ही किंमत फक्त आजच्या दिवसापुरती."

"किंमत काय?"

"साहेबांना विचारतो." त्यांनी फोन काढला आणि माझ्याकडे बघून डोळे वटारले. मी भाजीची जुडी कानाला लावली. "साहेब, मॅडम आपल्या घरच्यासारख्या आहेत," ते म्हणाले. "काही कमी होईल का?"

"अहो, घरच्याच आहेत," मी म्हटलं. "सामानाचे तेवढे घ्या."

ताईने विचारलं, "हमी किती वर्षांची?"

"जिवंत आहे तोपर्यंत."

"तुम्ही की नळ?"

"दोघांत जो जास्त टिकेल तो."

"आणि आधीच्या गिऱ्हाइकांचा अनुभव?"

"आधीच्या गिऱ्हाइकाला," मी मधेच तोंड घातलं, "खोकला जडलाय."

भाऊजींनी माझ्याकडे रागाने पाहिलं, पण ताई हसली. साखऱ्याच्या वेळी हसली होती त्याहून जास्त वेळ. मला वाटतं, तेही त्यांनी मनात तोललं असणार. पण लगेच ती गंभीर झाली.

"एक अट आहे. दार तुम्ही बसवायचं नाही. सुतार आणायचा."

भाऊजींचा चेहरा उतरला. "नळ मी केला तर चालेल ना? मग दारही..."

"नळ तुम्ही. दार सुतार. आणि सुताराला चहा मी देणार." ती थांबली. "सोनेरी काठाच्या कपात."

मला भाऊजींच्या मनातला काटा हलताना दिसत होता. एका पारड्यात ठेव, साखऱ्या, "मॅडम", सगळं. दुसऱ्यात तो एक कप. अजून न आलेल्या, न पाहिलेल्या सुताराचा त्यांना त्या क्षणी जेवढा हेवा वाटत होता, त्याच्या पासंगालाही दातांचा डॉक्टर पुरला नसता.

"किती कप?" शेवटी त्यांनी विचारलं.

"त्याला हवे तितके."

त्यांनी तोटी उचलून परत ठेवली. "ठरलं."

ताईने तिथेच बसून स्वतःच्या अक्षरात करार रद्द केल्याचं पत्र लिहिलं. मी त्याचा फोटो कंपनीला ईमेलने पाठवला, आणि पोस्ट बंद व्हायच्या आत रजिस्टर करून पावती घेतली.

साखऱ्या दुसऱ्याच दिवशी हजर. बूट जोडीने ठेवून. "मॅडम, तुमची काच कापून झाली." "मॅडम, साहेब माझा पगार कापतील." "मॅडम, शॉवर फुकट देतो." ताई दारातच उभी राहिली. "पत्र पोचलं ना? मग झालं. चहा झाला आमचा." तेव्हा त्याने आत मान वळवली. "सर आहेत का? मी सरांशी बोलतो."

भाऊजी कोचावर ताठ झाले. सर! मला भीती वाटली, आता पाघळतात. पण ते पेपर न खाली करता म्हणाले, "सर बाहेर गेलेत. घरी काका आहेत, आणि ते तुला ओळखत नाहीत."

आगाऊ रक्कम परत मिळवण्यात बऱ्याच फोनांनंतर यश आलं. ते फोन मी केले. मला कोणी मॅडम म्हणालं, कोणी ताई. मी भाऊजींना सांगितलं नाही.

सुतार भाऊजींनीच शोधला. साऱ्या वस्तीत फिरून सगळ्यात वयस्कर, सगळ्यात अबोल आणि दोन्ही कानांनी कमी ऐकणारा निवडला. ताईने कबूल केल्याप्रमाणे सोनेरी काठाच्या कपात चहा दिला. म्हाताऱ्याने एक घोट घेतला, कपाकडे बघितलं आणि म्हणाला, "लहान आहे." मग स्वतःच्या डब्याचं झाकण पुढे केलं. भाऊजींना इतका आनंद झाला की त्यांनी स्वतः उठून त्या झाकणात चहा ओतून दिला, दोनदा.

कप परत वरच्या फळीवर गेला. भाऊजींना अजून मिळालेला नाही. मी विचारलं तर ताई म्हणाली, "एकदा दिला की संपलं. वाट बघू दे."

दार आता छान लागतं. कडी हलक्या आवाजात बसते. ताई आत जाते, कडी लावते, आणि कितीतरी वर्षांत प्रथमच न खोकता गाणं म्हणते. खूप वेळ. परवा मी गेले तर भाऊजी बंद दारासमोर स्टूल टाकून बसले होते. आत पाण्याचा आणि गाण्याचा आवाज.

"एवढा वेळ काय करते ही आत?" ते मला हळूच म्हणाले. "माझ्यासाठी कधी म्हटलं नाही हे गाणं." मग न राहवून त्यांनी दारावर टकटक केलं. "अगं, येतेस ना बाहेर?"

गाणं क्षणभर थांबलं.

"बघते," आतून ताई म्हणाली.