डिक्शनरीत नसलेला शब्द

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायको गेली — तिलाही ठाऊक नव्हतं. तुम्हाला सांगतो. का, ते विचारू नका.

सिल्वासात माझी लाकडाची वखार होती. पोर्तुगीज जाऊन काही वर्षं झाली होती, कचेरीत इंग्रजी आली होती. मुंबई-कोकणातून आलेले कारकून, मास्तर संध्याकाळी माझ्या बाकावर शब्दांचा खेळ खेळत. एकाने लांबलचक इंग्रजी शब्द टाकायचा, दुसऱ्याने अर्थ सांगायचा. वाद झाला तर डिक्शनरी. ती माझी — मुंबईच्या रद्दीवाल्याशी तासभर घासाघीस करून आणलेली. म्हणून पान मीच उघडायचं, आणि मी वाचेन ते शेवटचं, असा नियमच होता.

मी चौथी शिकलेला. इंग्रजी त्याच पुस्तकातून, एकेक शब्द करून शिकलो. चहा माझा, बाक माझा — पण यांच्या घरी सणाला मला कधी बोलावणं आलं? ते मनात होतं. आजही आहे.

एकदा सावंत मास्तरांनी शब्द टाकला — ‘ऑब्स्ट्रेपरस’. कुणालाच येईना. मग तेच म्हणाले, “आरडाओरडा करणारा, कुणाला न आवरणारा.”

“म्हणजे आपले शेठ!” एक कारकून ओरडला. सगळे हसले. मास्तरही हसले — थोडेसेच. तेवढं मला पुरलं.

मी डिक्शनरी उघडली. शब्द होता. अर्थ तोच — अगदी तोच. मी पुस्तक मिटलं.

“असा शब्दच नाही.”

“नीट बघा हो शेठ, असणार,” मास्तर म्हणाले.

“माझ्या डोळ्यांवर भरवसा नाही? मग उठा इथून!”

“शब्दांचा कारखाना कधी काढलात, मास्तर?” कारकून म्हणाला. ते नाव त्यांना चिकटलंच — कचेरीत, बाजारात, शाळेच्या फाटकाशी. मी एका वाक्यात थांबवू शकलो असतो. थांबवलं का?

मास्तर यायचे बंद झाले. मग एकेक करून बाकीचेही. मास्तरांशिवाय खेळात राम उरला नव्हता. मी एकटाच पानं चाळत बसायचो. शब्द पुष्कळ — टाकायचे कुणापुढे?

वर्षभराने मास्तरांची खानवेलला बदली झाली. जायच्या दिवशी ते वखारीत आले. उभ्यानेच म्हणाले, “शेठ, त्या दिवशी मी उगाच हट्ट धरला. चूक माझीच असणार. वर्गातही सांगून टाकलं पोरांना — तो शब्द वहीतून खोडा म्हणून.”

मी म्हणालो, “होतं असं, मास्तर.”

त्यांनी हात जोडले. मीही जोडले.