पोराने चावी नेली तेव्हा

जयवंती राऊतच्या गाडीची चावी तिच्या पोराने खिशात घातली, आणि तिथेच त्याचं चुकलं. आईला नीट ओळखत असता तर नुसता भांडला असता, चहा प्यायला असता आणि विरारला आपल्या फ्लॅटवर निघून गेला असता. पण नाही. प्रितेशला वाटलं, आता आपणच कर्ते!

झालं होतं एवढंच, की आगाशीच्या बाजारात गाडी मागे घेताना जयवंतीने एका हातगाडीला धक्का दिला. नारळ रस्त्यावर गडगडले. नारळवाला ओरडला, तीही ओरडली, दोघांनी मिळून नारळ गोळा केले, विषय मिटला. पण कुणा चोंबड्याने त्याचा व्हिडिओ काढला आणि तो संध्याकाळच्या आत प्रितेशच्या फोनवर पोचला. रविवारी तो गासला, आईच्या घरी, आला, गाडी कुंपणाच्या भिंतीशी तिरकी लावून बंद केली आणि दोन्ही चाव्या घेतल्या.

"साठी आली तुझी. बोटं बघ कशी वाकडी झालीत. कुठे जायचं तर रिक्षा कर."

"गाडी कोनाच्या नावावर हाय?"

"आई, प्रश्न नावाचा नाहीये."

प्रश्न नावाचाच होता. वाडी सासऱ्याच्या नावावर, घर नवऱ्याच्या नावावर, तो जाऊन इतकी वर्षं झाली तरी लाइटबिलसुद्धा त्याच्याच नावाने येत होतं. जयवंतीच्या नावावर उभ्या जन्मात ही एकच वस्तू. पहाटे वाडीतली भाजी काढायची, मग सातिवलीच्या एका गाळ्यात दिवसभर पंख्यांच्या वायरी जोडायच्या, असं करून तिने ती सेकंडहँड गाडी घेतली. नवरा होता तोवर तो चालवायचा आणि ही शेजारी बसायची, स्वतःच्या गाडीत पाहुणी. तो गेल्यावर ती शिकली. शिकवणाऱ्याने हात टेकले, हिने टेकले नाहीत. मग वालाच्या शेंगा, वांगी, केळफुलं मागे टाकून, शेजारणीला, एलिनाला, सोबत घेऊन ती आगाशीला जायला लागली. येताना दोघी मुद्दाम लांबच्या रस्त्याने, समुद्राच्या अंगाने यायच्या. कशाला? कशाला म्हणजे काय, मर्जी! पोराने कुलूप घातलं होतं ते त्या मर्जीला.

ती तडक डेन्झिलच्या गॅरेजात गेली. "हल्लीच्या गाड्या चावीशिवाय चालू होतात ना, रिमोटवर? तसं माझ्या गाडीला करून दे."

डेन्झिलने मान खाली घातली. "मावशी, प्रितेशचा फोन आलेला. हात लावू नको बोलला."

"गावभर दवंडी पिटली काय मेल्याने!"

आता मात्र तिचं डोकं सटकलं. तिने मोबाइलवरून रिमोटचा डबा मागवला, सोबतचा कागद चष्मा लावून वाचला, कळला नाही तेव्हा व्हिडिओ बघितले, आणि शनिवारी सकाळीच एलिनाला टॉर्च धरायला अंगणात उभं केलं. बंद गाडी उघडणं काही कठीण नव्हतं. खिडकीच्या रबरातून पट्टी घालून खटका ओढायची विद्या तिने नवऱ्याकडून उचलली होती. त्या माणसाची चावी सदानकदा आत राहायची. बॅटरीची वायर सोडवून जयवंती स्टिअरिंगखाली शिरली, डोकं आत आणि पाय बाहेर.

वायरींना ती घाबरत नव्हती. पण पंखा टेबलावर समोर असतो, आणि इथे मान मोडून वर बघावं लागत होतं. बोटं ठणकत होती. दाराच्या कुलपाची मोटार उलटी जोडली गेली. उघडायचं बटण दाबलं की दार बंद व्हायचं. एलिना हसून हसून खाली बसली. "हस, हस," जयवंती म्हणाली, "चालत जा मग आगाशीला."

दुपारपर्यंत सगळं जोडून झालं. गाडी न्यूट्रलला आहे, हँडब्रेक ओढलाय, हे बघून ती ओटीवर जाऊन उभी राहिली आणि तिने बटण दाबलं. गाडी खोकली, थरथरली आणि चालू झाली. चावीविना! एलिनाने टाळ्या पिटल्या. आवाजाने आळीतली माणसं कुंपणाशी जमली. टोपल्या मागे चढल्या, एलिना पुढे चढली. जयवंतीने गिअर टाकला, स्टिअरिंगचं चाक फिरवायला गेली, आणि चाक हलेना.

स्टिअरिंगलाही आतून कुलूप असतं आणि ते चावीनेच सुटतं. इतकी वर्षं रोज तिच्याच हाताने ते सोडवलं होतं, पण हाताला सवय झाली की डोकं कुठे विचारतंय? प्रितेशने चाक भिंतीकडे वळवून ठेवलं होतं, ते तिथेच घट्ट बसलं होतं.

कुंपणाशी हशा पिकला. कुणीतरी प्रितेशला फोन लावून तिच्या कानाशी धरलाच. "आई, आता तरी ऐक. मी येतोय, गप्प बस."

जयवंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. दुःखाचं नव्हे, संतापाचं. तिने गाडी बंद केली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "एलिना, छिन्नी आन. हातोडा पन."

ते कुलूप ज्या बोल्टांनी बसवतात त्यांची डोकी गुळगुळीत असतात, कुणी काढू नये म्हणून. जयवंतीने छिन्नी कडेला टेकवली आणि उलट्या दिशेने ठोकायला घेतलं. एक घाव बोटावर बसला, तिने सणसणीत शिवी हासडली आणि पुन्हा ठोकलं. हसणारे आता कुंपणावर ओणवे होऊन बघायला लागले. पहिला बोल्ट कुरकुरत सुटला, दुसऱ्याने फार वेळ भाव खाल्ला, पण सुटला. कुलूप हातात आलं. चाक मोकळं झालं.

गाडी फाटकापाशी आली तेव्हा प्रितेश रिक्षातून उतरत होता. तो धावत येऊन आडवा उभा राहिला.

"बाजूला हो."

"नाही होणार. बाबा गेले. तुला काही झालं तर मी काय करू?" त्याचा आवाज चिरकला.

तिचं काळीज हललं. पोर घाबरलंय, हे तिला आत्ता कळलं. पण तिने गाडी बंद केली नाही.

"घाबर की. मी पन घाबरते, समोरून डंपर आला की. घाबरते नि चालवते. तुझ्या भीतीपायी मी घरात बसायची नाय."

तिने हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. आळीतले कुत्रे भुंकायला लागले. शेवटी प्रितेश बाजूला झाला. रस्ता मोकळा होता; तरी तो गेला नाही, येऊन पुढच्या दाराशी खाली मान घालून उभा राहिला. एलिना ढिम्म हलली नाही.

"मागे बस," जयवंती म्हणाली. "नि शेंगा चेंगरू नको."